काचेची दाढ

आमच्या डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना 'डॉक्टर' म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो प्रयोगशाळेतला शिपाई होता. कलाप्पा सुतार. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. सरांसाठी मी रोल नंबर एकोणतीस होते, घरी निलू होते आणि मेसच्या मावशींच्या लेखी 'साबुदाणा दोनदा मागणारी ती' होते. मामांसाठी मात्र डॉक्टर. "डॉक्टर, ॲप्रन घाला. डॉक्टर, हात धुवून या." अठराव्या वर्षी कुणी असं म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो.

मामांच्या अंगाला कायम गुडघ्यावर चोळायच्या मलमाचा वास यायचा. मला वाटायचं, बिचाऱ्यांचे गुडघे धरत असतील. पुढे कळलं की तो त्यांच्या कामाचा वास होता. मिरज-सांगली रस्त्यावरच्या दवाखान्यांतून उपटलेले दात मामा सायकलवरून गोळा करून आणत, उकळून स्वच्छ करत आणि बरण्यांत भरून ठेवत. प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवलेल्या त्या दातांवर आम्ही रूट कॅनाल शिकायचो. सत्र संपलं की मामा त्यांतले काही दात आम्लात मऊ करत, स्पिरिटमध्ये सुकवत आणि शेवटी विंटरग्रीनच्या तेलात बुडवत. मलमाचा वास त्या तेलाचा. त्यात दात काचेसारखा आरपार होतो आणि आम्ही आत काय दिवे लावलेत ते सगळ्यांना दिसतं. माझ्या पहिल्या दाढेत मी भलतीकडेच नवं भोक पाडलं होतं. मामांनी ती बरणी खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बोगदा काढलाय. पर गाव दुसरीकडं हाय."

शिकवणारे सर समोर असले की मामांना बोलायची मुभा नव्हती. मग शेजारून जाताना ते टेबलावर बोटाने दोनदा वाजवायचे. टक टक. म्हणजे थांबा, जोर लावू नका. आमच्या अख्ख्या बॅचला ती खूण ठाऊक होती. सर तासाला जे सांगायचे त्यातलं निम्मं मी विसरले. ती टकटक विसरले नाही. निदान तसं मला वाटत होतं.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दाताच्या मुळांत केसासारख्या बारीक नळ्या असतात. आतली नस सडली की त्या नळ्या एका लवचीक, सुईएवढ्या कानशीने साफ करायच्या, धुवायच्या आणि अगदी टोकापर्यंत रबरासारख्या काडीने भरून बंद करायच्या. त्या कानशीला आम्ही फाईल म्हणतो. भरण दोन मिलिमीटर कमी पडलं तर जंतू मागे राहतात, दोन मिलिमीटर जास्त झालं तर ते हाडात घुसतं. विद्यार्थ्याचं काम चांगलं की वाईट, हे पूर्वी त्याच दिवशीच्या एक्स-रेवर ठरायचं. पण तो एक्स-रे म्हणजे लग्नातला फोटो. संसार कसा झाला ते दहा वर्षांनी कळतं, आणि तोवर विद्यार्थी कुठे आणि पेशंट कुठे!

मी तिसऱ्या वर्षाला असताना, २०३६ साली, 'साक्षी' आली. भरायच्या काडीच्या गाभ्यातच एक केसापेक्षा पातळ तार. माणूस चावतो तेव्हा दाढेवर दाब पडतो, त्या दाबातून तिला चिमूटभर वीज मिळते आणि तेवढ्या विजेवर ती मुळाच्या टोकाशी आम्ल किती, जंतूंची रसायनं किती, हे मोजून पेशंटच्या फोनला कळवते. तिथून खबर कॉलेजला जाते आणि ज्याने काम केलं त्यालाही. चावलं की साक्षी बोलते, नाही चावलं की गप्प. सलग तीस दिवस गप्प राहिली तर दात निकामी झाला असं यंत्र धरून चालतं.

लाखो दाढा बोलू लागल्यावर यंत्र शहाणं झालं. ते दाढ पाहून आधीच सांगू लागलं की ही दहा वर्षं टिकण्याची शक्यता शंभरात किती. त्या आकड्याला 'टिकाव' म्हणायचे. काम चालू असताना तो पडद्यावर वरखाली व्हायचा. वेळ जास्त लागला की घसरायचा, कारण दाढ जितका वेळ उघडी तितके जंतू. सगळ्या दाढांची सरासरी म्हणजे विद्यार्थ्याचा टिकाव. नव्वदच्या वर असला तर पुढच्या शिक्षणाची सीट मिळायची, खाली असला तर नाही.

दोन वर्षांत कॉलेजचा टिकाव एकसष्टवरून ब्याण्णववर गेला. पेढे वाटले गेले. आम्ही खरोखरच नीट काम करू लागलो होतो, हे मी नाकारत नाही. पण आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. वय झालं की दातातल्या नळ्या चुन्याने बुजत जातात. म्हाताऱ्या माणसाची दाढ उघडण्याआधीच यंत्र तिला चाळिसाच्या आत टाकायचं. अशी दाढ अंगावर कोण घेणार? "आजोबा, आता काढूनच टाका," असं आम्ही गोड आवाजात म्हणायचो. दात काढायच्या विभागापुढची रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली. मीही असे चौदा जण त्या रांगेत पाठवले. मोजलेत मी, म्हणून आकडा माहीत आहे.

शेवटच्या वर्षाच्या मार्चमध्ये एक दिवस मलमाचा वास आला म्हणून मी मागे वळून पाहिलं. मामा केसपेपर हातात धरून बाकावर बसले होते. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं, तरी तो वास अंगात मुरलेला होता. संगणकावर दात कोरायची यंत्रं आली तशा बरण्या माळ्यावर गेल्या आणि मामा घरी गेले.

"मामा! इथं कसे?"

"डॉक्टर, वरची उजवी दाढ. तिसऱ्यांदा येतोय." त्यांनी पेपर पुढे केला. त्यावर बारा जणांनी 'काढावी' असं लिहून सही केली होती. बाराही जणांना मामांनी डॉक्टर म्हटलेलं होतं.

दाढ यंत्राखाली धरली. टिकाव अडतीस. त्यांच्या तोंडात वर-खाली जुळणारी चावायची जोडी तेवढी एकच उरली होती. ती गेली की कवळी अडकवायलाही आधार नव्हता.

"काढली तर काय होईल?" मामांनी विचारलं.

"मऊ खावं लागेल. भाकरी दुधात कुस्करून."

"आणि फुटाणे?"

मामांच्या खिशात फुटाण्यांची पुडी कायम असायची. आम्हीसुद्धा चोरून खायचो.

"तीस वर्सं लोकांचे दात बरण्यांत भरले," मामा म्हणाले. "माझी दाढ मी जिता असताना बरणीत जाऊ नये, एवढंच बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या एकोणचाळीस दाढा झाल्या होत्या. टिकाव एक्क्याण्णव. चाळिसावी झाली की परीक्षेला लागणारी माझी यादी पूर्ण. यंत्राने अडतीस म्हटलेली दाढ कोण घेतो? मी घेतली. मायेपोटी घेतली असं सांगायला बरं वाटेल, आणि माया होतीच. पण खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. मला वाटलं, आपण अडतीसचं सत्तर करून दाखवू.

सकाळी साडेनऊला सुरुवात केली. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, त्यामुळे मामांना बोलता येत नव्हतं. वरच्या दाढेत तीन नळ्या सापडतातच, चौथी बहुधा लपून असते. मला चौथीही सापडली. पडद्यावर आकडा बासष्टवर गेला तेव्हा मी मनातल्या मनात उडी मारली. पण ती चौथी नळी भलतीच वाकडी होती आणि घड्याळ पळत होतं. एकसष्ट. साठ. एकोणसाठ.

टक टक.

मामांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं होतं. मी ऐकलं. नीट ऐकलं.

"दोनच मिनिटं, मामा," मी म्हटलं आणि फाईल पुढे रेटली.

फाईल तुटते तेव्हा आवाज असा होत नाही. बोटांना कळतं, बस्स. मी बाहेर काढली तेव्हा तिचं टोक जागेवर नव्हतं. तीन मिलिमीटरचा तुकडा नळीत अडकून बसला होता. पडद्यावर आकडा एकोणीस झाला.

"एक्स-रे बघून येते," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर आले. व्हरांड्यात आमच्याहून सीनियर असलेले उदगीरकर सर चहा पीत होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"तुटली? रडतेस काय? दाढ चिरलेली निघाली म्हणून लिही आणि काढून टाक. त्याच दिवशी काढलेली दाढ यंत्र मोजतच नाही, केस बाद होते. तुझे एक्क्याण्णव शाबूत."

"पण दाढ चिरलेली नाहीये, सर."

"त्यांना काय कळणार आहे?"

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्याच नोट्सवर मी पास झाले होते. मला वाटतं, मी त्यांचं ऐकलंही असतं, पेशंट दुसरा कुणी असता तर. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तसंच होतं.

मी आत गेले आणि रबराचा पडदा काढला. शब्द जुळवत होते, तेवढ्यात मामाच बोलले.

"तुटली न्हवं?"

"हो, मामा."

"चौथ्या नळीत?"

"हो. तुम्ही वाजवलंत ते ऐकलं होतं मी. तरी रेटली." एवढं बोलले आणि मला रडूच आलं. हातमोजे घातलेले, डोळे पुसायचीही सोय नाही.

मामांनी स्वतःच्या गळ्यातला कागदी रुमाल काढून माझे डोळे पुसले. "पोरी, तीस वर्सं मी पोरांचे दात आरपार केले. वरनं झकास, आणि आत तुकडा. निम्म्यांनी तो सायबाला दावलाच न्हाई. मला तेवढा कळायचा, पर मी शिपाई माणूस, बोलू कुणाला? तू पयली, जी मला सांगतीयास." त्यांनी मला पहिल्यांदाच 'पोरी' म्हटलं. "आता काय करता येतंय ते सांग."

"तुकड्याच्या बाजूने अगदी बारीक फाईल घालून वाट काढायची. निघाली तर निघाली. फार वेळ लागेल. आणि निघाली नाही तर..."

"येळ कुणाला न्हाई?"

"घड्याळ चालू आहे, मामा."

"बंद कर की मग."

घड्याळ बंद होत नव्हतं, तशी सोयच नव्हती. मी यंत्राच्या पडद्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दाढेवर रबर परत ताणलं. मग सगळ्यात बारीक फाईल घेतली, टोकाशी किंचित वाकवली आणि तुकड्याच्या कडेने चाचपडत बसले. मध्ये दोनदा टकटक झाली. दोन्ही वेळा थांबले. दुपारी पावणेदोनला फाईल तुकड्याला बगल देऊन टोकापर्यंत उतरली. नळी धुतली, भरली. तुकडा राहिला आतच.

पडदा परत फिरवला. तेवीस.

विभागप्रमुख देशिंगकर मॅडमनी एक्स-रे बराच वेळ पाहिला. "फाईल तुटल्याचं पेपरवर स्वतःहून लिहिलंयस."

"हो, मॅडम."

"तुझी सरासरी एकोणनव्वद पूर्णांक तीन झाली. सीट गेली, हे कळतंय ना?"

"हो, मॅडम."

त्यांनी सही केली. "काम चांगलं आहे, मगदूम. आकडा वाईट आहे," त्या म्हणाल्या. पण आकडा बदलणं त्यांच्याही हातात नव्हतं.

मी कवठे महांकाळला छोटा दवाखाना टाकला. तिथे म्हातारी माणसं पुष्कळ येतात आणि मी कुणाला रांगेत पाठवत नाही. माझ्या चाळीस दाढा फोनवर बोलत राहिल्या. एकोणचाळीस जणांची खबर मी महिन्यातून एकदा पाहायची. चाळिसावी रोज पाहायची. साक्षी रसायनांबरोबर दाबाचा आलेखही पाठवते. दुपारी साडेबाराला सावकाश मोठ्या लाटा उठल्या की भाकरी. सकाळी आठला टोकदार सुळके उठले की फुटाणे. आई म्हणायची, लोकांच्या पोरी मोबाईलवर काय बघतात आणि ही बाई शिपायाची दाढ बघते.

चौथ्या वर्षी दाढ एकाएकी गप्प झाली. पहिला दिवस मी जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही लाट नाही. फोन कुणी उचलेना. मी दवाखाना बंद केला आणि मिरजेची एसटी धरली.

मामांच्या दारात चपलांचा ढीग होता. मामांची बायको, पार्वतीमामी, आदल्या दिवशी पहाटे गेल्या होत्या. मामा भिंतीला टेकून बसले होते. सून म्हणाली, "दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं न्हाई बघा. आम्ही सगळे सांगून दमलो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर? तुमाला कुणी सांगितलं?"

"दाढेनं," मी म्हटलं.

ते हसले आणि हसता हसता रडले. मी शेजारी बसून राहिले. तासाभराने सुनेने शेजारणीकडून आलेली भाकरी आणि पिठलं आणलं, मी एक तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजवीकडे घातला. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. एकदा, मग परत एकदा. मामांनी घास थांबवून विचारलं, "त्योच काय?" मी मान हलवली. "मग खायालाच पायजे," ते म्हणाले. "न्हाईतर तुमचा जीव लागायचा न्हाई."

त्यानंतर कधी सणासुदीला मी गेले की ते मुद्दाम माझ्यासमोर फुटाणे खायचे आणि माझ्या फोनकडे बघत बसायचे. अशाच एका संक्रांतीला त्यांनी मला एक कागद दाखवला. देहदानाचा अर्ज होता, मेडिकल कॉलेजसाठी. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: वरची उजवी दाढ डॉ. नीलांबरी मगदूम यांना द्यावी, त्यांना कृती ठाऊक आहे.

"मामा, तुम्हीच तर म्हणाला होता, बरणीत नको."

"जिता असताना नको म्हनलं हुतं," मामा म्हणाले. "मागनं पोरांना दावायची न्हाई तर कुणाला?"

नवव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी आठ वाजता सुळके उठले नाहीत. सव्वाआठला नाही, साडेआठलाही नाही. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला होता. फोन वाजण्याआधीच मला कळलं होतं. त्यांच्या मुलाचा, शिवानंदचा आवाज आला, "डॉक्टर, अण्णा झोपेतच..." मी पेशंटची माफी मागून मागच्या खोलीत गेले आणि मोठ्याने रडले.

तीस दिवसांनी यंत्राने कळवलं: केस क्रमांक चाळीस, दात निकामी, अपयश. त्याविरुद्ध अर्ज करता येतो. मी केला नाही. मेडिकल कॉलेजातून आलेली दाढ तोवर माझ्या टेबलावर आम्लातून निघून स्पिरिटमध्ये पडली होती.

कृती मामांची, तंतोतंत. आम्ल रोज बदलायचं, घाई करायची नाही. शेवटी दाढ तेलात सोडली आणि सगळा दवाखाना त्यांच्या वासाने भरला. पहिला तासभर ती नुसती पिवळट दिसली. मग कडा विरघळल्यासारख्या झाल्या आणि हळूहळू चारही नळ्या दिसू लागल्या. तीन सरळ. चौथी वाकडी, तिच्यात चकाकणारा तीन मिलिमीटरचा तुकडा, आणि त्याच्या कुशीतून टोकापर्यंत गेलेली भरणाची बारीक रेघ. टोकाशी सडल्याची खूण नव्हती. मी कितीतरी वेळ ती उजेडात धरून बसले.

बरणी घेऊन मी कॉलेजात गेले. देशिंगकर मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी माळ्यावरच्या जुन्या बरण्या खाली काढायला लावल्या आणि मला दर शनिवारी एक तास घ्यायला सांगितलं.

पहिल्या शनिवारी पोरं बरणीभोवती गोळा झाली. संगणकावरच दात कोरणारी पोरं ती. खरी दाढ आरपार त्यांनी पाहिलीच नव्हती.

"डॉक्टर, हात धुवून या आधी," मी म्हटलं. ती एकमेकांकडे बघू लागली, कोण डॉक्टर म्हणून.

एका मुलीने बरणी खिडकीपाशी धरली. "अय्या, आत फाईल तुटलीये! कुणी लावले हे दिवे, मॅडम?"

"मी," मी म्हटलं.

मुलगी ओशाळली. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "आणि पेशंटचं काय झालं?"

"नऊ वर्षं रोज सकाळी फुटाणे खाल्ले त्यांनी."